डोंगराच्या नावाचे पेढे

माझी बायको दोन मोसम अंटार्क्टिकात राहून आली. मी तेव्हा कॅलिफोर्नियात, सनीव्हेलमध्ये एसीत बसून कॉम्प्युटरच्या चिप्स टेस्ट करत होतो आणि ती युनिव्हर्सिटीच्या टीमबरोबर छोट्या विमानातून बर्फावर उतरत होती. उघड्या खडकात खिळा ठोकायचा, त्यावर जीपीएस बसवायचा आणि जमीन किती सरकली ते पुढच्या वर्षी जाऊन बघायचं, हे तिचं काम. एका डोंगरावर तर तिच्याआधी कुणीच चढलं नव्हतं. टीमच्या वहीत त्याला नुसता नंबर होता.

त्याला तिचं नाव द्यावं, असा अर्ज टीमच्या प्रमुख बाईंनी केला. आपलं नाव आपण सुचवायचं नसतं, आणि लावतात ते बहुधा नुसतं आडनाव. अशी नावं ठरवणाऱ्या सरकारी समितीचा निर्णय यायला महिनोन्‌महिने लागतात. मला एवढा धीर कुठला! फ्रीमाँटहून चार किलो पेढे आणले आणि इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत 'आमच्या आडनावाचा डोंगर' म्हणून वाटून मोकळा झालो.

"अरे, अजून अप्रूव्ह झालं नाहीये यार!" बायको भडकली. "रिजेक्ट केलं तर लोकांना काय तोंड दाखवू?"

वसंतात पत्र आलं. मंजूर! पण त्यातलं आडनाव तिच्या माहेरचं होतं. तिचे सगळे शोधनिबंध त्याच नावाने छापलेले, म्हणून समितीने तेच घेतलं. खोटं कशाला सांगू, मला झोंबलं. मंडळात हसं होणार ते वेगळंच.

शनिवारी सकाळी तिने नागपूरला वडिलांना फोन लावला, स्पीकरवर. सासऱ्यांना तिन्ही मुलीच. आमच्या लग्नात त्यांचे थोरले चुलत भाऊ, दादा, भर मांडवात म्हणाले होते, "धाकटीही गेली. आता तुझं नाव कोण लावणार?" सासरे अक्षता वाटत राहिले होते.

"बाबा, डोंगराला आपलं आडनाव दिलं."

त्यांनी विचारलं, "नकाशात छापतील?"

"हो बाबा, छापतील."

"मग मला एक पाठव. मोठा बघून पाठव. दादांना दाखवून येतो."

मी गाडीची किल्ली उचलली.

त्याच दुपारी मी पुन्हा चार किलो पेढे आणले. दारोदार जाऊन सांगितलं, "आमचं नाही हो, माझ्या सासऱ्यांचं आडनाव!" माझं स्वतःचं आडनाव मी इतक्या तोऱ्यात कधीच सांगितलं नव्हतं.