दादाचं रडणं
हुरड्याचा धूर नाकात गेला की अजूनही माझी मूठ आपोआप मिटते. मोडनिंबजवळच्या आमच्या शेतात मोठा भाऊ आगटीत ज्वारीची कणसं भाजायचा आणि मी हात पुढं करून बसायची. कणीस गरम असतानाच चोळावं लागतं, म्हणून दादा देईल ते न बघता तळव्यात घ्यायची सवय लागलेली. त्या दुपारी त्यानं कणसाऐवजी माझ्या तळव्यावर निखारा ठेवला. मी किंचाळले. तो हसला नाही, चिडलेला तर नव्हताच. नुसता वाकून माझं तोंड निरखत राहिला, धडा पाठ करावा तसा. आई धावत आली तोवर त्याचा खालचा ओठ थेट माझ्यासारखा थरथरायला लागला होता. "आये, तिनंच हात घातला गं! लई भाजलं की तिला!" म्हणत तो रडला, आणि आईनं आधी त्यालाच जवळ घेतलं. परवा वडील गेले. दादाचं रडणं बघून सगळी भावकी हळहळली. मला मात्र तो थरथरणारा ओठ ओळखू आला. तो माझा होता. शेजारी माझी लेक हुंदके देत होती, आणि दादा रडता रडता तिचं तोंड निरखत होता. मी घाईनं तिचं तोंड पदराआड घेतलं.