सतरा नंबर माझा

सिंगापूरच्या टॅम्पिनीस भागातल्या मराठी मंडळींत उल्का पटवर्धनची ओळख करून द्यायची एक ठरलेली पद्धत होती. "या उल्कावहिनी. गुडघा मोडलेला असताना खो-खोची फायनल जिंकून दिली यांनी!" समोरचा मग तिच्या उजव्या पायाकडे बघायचा. चालताना ती त्या पायावर किंचित झुकते हे त्याला आत्ता कळलेलं असायचं. मग तो आदराने हात जोडायचा किंवा "वा वा" म्हणायचा. एका गणेशोत्सवात तर शाल, श्रीफळ देऊन तिचा सत्कारही झाला होता. उल्का हसायची आणि विषय बदलायची.

सांगलीच्या मैदानावर वाढलेली ही मुलगी पुढे हिशेबनीस झाली, निशिकांतशी लग्न करून त्याच्याबरोबर आधी ओहायोला आणि मग सिंगापूरला आली. आंग मो किओच्या एका कंपनीत अकाउंट्स सांभाळू लागली. ओहायोत तिला काम करायची परवानगी नव्हती. बाहेर बर्फ, घरात टीव्ही. त्या टीव्हीवर तिला अमेरिकन फुटबॉल भेटला. पहिले काही दिवस तिला ती नुसती धक्काबुक्की वाटली. मग एकदा तिचं लक्ष रिसीव्हरकडे गेलं. जिवाच्या आकांताने पुढे पळायचं, मागे लागलेल्याला हुल द्यायची, आणि तो भलतीकडे वळला की लांबून आलेला चेंडू हवेतच झेलायचा. उल्का सोफ्यावर सरळ होऊन बसली. "अरे, ही तर आपली हुलकावणी!" ती निशिकांतला म्हणाली होती. तेव्हापासून ती या खेळाची झाली ती झालीच.

सिंगापुरात या खेळाचे वेडे थोडे, पण होते. बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या प्रतापने त्यांना एकत्र केलं. न्यू जर्सीत शिकलेला हा माणूस आवाजाने आणि मनाने मोठा होता, आणि आपलंच खरं करण्यातही कुणाला ऐकायचा नाही. सेम्बावांगहून येणारा अभय, निशिकांत, उल्का आणि ऑफिसांतले आणखी चार-पाच जण मिळून दरवर्षी ते कागदावरच्या टीमचा खेळ खेळत. हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येकाने पाळीपाळीने खरे खेळाडू निवडायचे, आणि ते खेळाडू मैदानात जे काही करतील त्याचे गुण आपल्या टीमला मिळवायचे. शेवटून पहिला येईल त्याला फायनलच्या दिवशी सगळ्यांसमोर ड्युरियन फळाच्या आकाराची हिरवी, काटेरी टोपी घालून बसावं लागे. या टोपीला सगळे खरोखर घाबरत.

२०१५ सालच्या निवडीसाठी मंडळी प्रतापच्या काँडोत जमली, तेव्हा त्याच आठवड्यातली एक बातमी सगळ्यांच्या तोंडी होती. सतरा नंबरची जर्सी घालणारा एक तरुण रिसीव्हर, गेल्या हंगामातला सगळ्यांचा लाडका, खेळ सोडून मोकळा झाला होता. वय अजून तिशीच्या आत. डोक्याला तिसऱ्यांदा जबर मार बसला, आणि त्याने सांगून टाकलं की मला माझ्या मुलांची नावं म्हातारपणीही आठवायला हवीत, मी थांबतो.

"भेकड!" प्रतापने समोसा खाली ठेवून निकाल दिला. "देवाने असे हात दिलेत, असे पाय दिलेत, आणि हा पळून गेला."

"घाबरला बिचारा," अभय म्हणाला.

"घाबरायचं असेल तर कॅरम खेळावं! जबडा बांधून गोलंदाजी केलीय आपल्याकडे माणसाने. बोट मोडलं तरी बॅट धरलीय. खरा खेळाडू पट्टी बांधतो आणि उतरतो."

मग काय, चढाओढच लागली. कुणी टेनिसपटूचे फोड काढले, कुणी बॅडमिंटनवालीचा घोटा, कुणी रक्ताळलेल्या डोक्याने खेळलेला फुटबॉलपटू. ज्याला जास्त लागलं तो जास्त थोर.

"त्याने बरोबर केलं," उल्का म्हणाली.

कुणाच्या लक्षात आलं नाही. तिने पुन्हा, जरा मोठ्याने सांगितलं, "सतरा नंबरने बरोबर केलं. मला तर तो यंदा जास्तच आवडला."

प्रताप हसला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. हातातला हुकमाचा पत्ता टाकायला मिळाल्याचा आनंद होता. "उल्कावहिनी, तुम्ही हे म्हणावं? अहो, तुम्ही स्वतः मोडक्या गुडघ्याने उतरलात! तुमचीच गोष्ट सांगतो मी सगळ्यांना. उद्या आमची जाई पाय दुखतोय म्हणाली की मी तिला सांगतो, उल्काकाकूंकडे बघ."

हे तिला माहीत नव्हतं. जाई ही प्रतापची मुलगी, शाळेत नेटबॉल खेळणारी. तिला आपलं नाव सांगून पळवलं जातंय, हे ऐकून उल्काच्या हातातली बशी तशीच राहिली.

"मी उतरले नाही, प्रताप," ती म्हणाली. "मला उतरवलं."

तिने बशी बाजूच्या टेबलावर सरकवली.

"सेमीफायनलला खांबापाशी सूर मारताना माझा गुडघा फिरला. रात्रभर सुजून भोपळा झाला होता. सकाळी मी सरांना सांगितलं, मला जमणार नाही. एकदा नाही, दोनदा सांगितलं. सर म्हणाले, गावाची लाज काढतेस. मग कुणीतरी डॉक्टर आणला, त्याने इंजेक्शन दिलं. पाय माझा आहे की दुसऱ्याचा तेच कळेना. त्या पायाने मी पळाले. जिंकलो. मिरवणूक निघाली, मला खांद्यावर घेतलं. इंजेक्शन उतरल्यावर मी उशीत तोंड खुपसून ओरडत होते, तेव्हा खोलीत आई सोडून कुणी नव्हतं. एकोणीस वर्षांची होते मी. त्यानंतर मी पळालेले नाही. बससाठीसुद्धा नाही."

"पण वहिनी, तुमचं नाव झालं ना," कुणीतरी पुटपुटलं.

"नाव झालं. पाय गेला. मला विचारलं असतं तर मी पाय ठेवून घेतला असता."

प्रतापने टाळी वाजवली. "चला, चला, निवड करू या. वहिनी, पहिली पाळी तुमची."

ते खरंच होतं. चिठ्ठ्यांमध्ये यंदा पहिला नंबर तिचा आला होता. अभय फळ्यापाशी मार्कर घेऊन उभा होता.

"सतरा नंबर," उल्का म्हणाली.

"वहिनी, तो आता खेळणारच नाही. शून्य मिळणार त्याचं. दर आठवड्याला शून्य."

"मिळू दे. लिही."

"बदली खेळाडू घेता येईल तुम्हाला नंतर—"

"बदली नको. हंगाम संपेपर्यंत तोच. सतरा नंबर माझा."

अभयने प्रतापकडे बघितलं. प्रतापने खांदे उडवले. अभयने लिहिलं.

घरी जाताना पार्कच्या कडेने चालत उल्का आणि निशिकांत त्यांच्या ब्लॉकपाशी आले. लिफ्टसमोर थांबल्यावर निशिकांत म्हणाला, "तू नाही म्हणाली होतीस, हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

"मी वीस वर्षं लोकांना ती गोष्ट सांगतोय, उल्का."

"हो. छान सांगतोस."

त्याला हे लागलं असावं. लिफ्ट आली, तो आत गेला आणि दार धरून तिची वाट बघत राहिला. वर पोचेपर्यंत त्याने तिचा हात हातात घेतला होता. त्यानंतर त्याने ती गोष्ट कुणालाही सांगितली नाही.

हंगाम सुरू झाला. इतरांचे खेळाडू चेंडू झेलत होते, गुण मिळवत होते, आणि दर मंगळवारी प्रताप ग्रुपवर टाकायचा, "सतरा नंबर: शून्य." सोबत एखाद्या झोपलेल्या बाळाचं किंवा कासवाचं चित्र. उल्का अंगठा दाखवून मोकळी व्हायची. ऑफिसात जेवताना ती फोन बघून हसायची, तेव्हा शेजारची चिनी मैत्रीण विचारायची, "विनिंग, ah?" "लूझिंग," उल्का सांगायची, आणि आणखी भात घ्यायची.

तिचे बाकीचे खेळाडू चांगले होते. दिवाळीच्या सुमाराला तर ती शेवटून तिसरी होती. बदली रिसीव्हर घेतला असता तर मधल्या फळीत सहज आली असती. अभयने तिला बाजूला घेऊन सांगितलंसुद्धा, "वहिनी, पुरे आता. मुद्दा पोचला."

"कुणाला पोचला?" तिने विचारलं. त्या शुक्रवारी प्रतापने ग्रुपवर जाईचा फोटो टाकला होता, घोट्याला निळी पट्टी बांधून नेटबॉल खेळतानाचा. खाली लिहिलं होतं, 'माझी वाघीण.'

शेवटी व्हायचं तेच झालं. उल्का सगळ्यांत खाली राहिली.

अमेरिकेतली रविवार संध्याकाळची फायनल सिंगापुरात सोमवारी सकाळी दिसते. त्या दिवशी चिनी नववर्षाची सुट्टीच होती, मंडळी प्रतापकडे जमली. त्याची बायको सुलेखा हिने पोहे केले होते. प्रतापने वाजतगाजत टोपी आणली. उल्काने ती त्याच्या हातून घेतली, आरशात बघून नीट बसवली, केस आत खोचले आणि सोफ्याच्या मधोमध जाऊन बसली. सगळ्यांनी फोटो काढले. "इकडून काढा," ती म्हणाली, "काटे नीट येतात."

सामना रंगला होता. दुसऱ्या भागात एका रिसीव्हरने चेंडूसाठी उंच उडी घेतली आणि हवेत असतानाच त्याला समोरून धडक बसली. तो पडला. उठला. खोलीत टाळ्या झाल्या. मग तो चालायला लागला, आणि समोरच्या संघाच्या बाकाकडे निघाला.

"अरे, घर चुकलं!" कुणीतरी म्हणालं. सगळे खो खो हसले.

"हसू नका," उल्का म्हणाली. ती उभी राहिली होती. "त्याचे पाय बघा. आपण कुठे आहोत हे त्याला कळत नाहीये."

डोक्यावर काटेरी ड्युरियन घेऊन उभ्या असलेल्या त्या बाईकडे कुणी बघितलं नाही. सगळे पडद्याकडे बघत होते. खेळाडूच्या एका सोबत्याने त्याला दंडाला धरून वळवलं. तो बाकावर बसला. थोड्या वेळाने त्याने हेल्मेट घातलं आणि परत मैदानात आला. स्टेडियम गर्जून उठलं. या खोलीत मात्र कुणी टाळी वाजवली नाही. अभयने हातातली बशी खाली ठेवली.

"त्याला खेळायचं असेल," प्रताप म्हणाला. पण तो हळू बोलला.

"असेल. कुणी विचारलं का त्याला, आज वार कोणता ते?"

सामना संपेपर्यंत उल्काने टोपी काढली नाही. नंतर एमआरटी मेट्रोतही ती टोपी घालूनच बसली, आणि शेजारी निशिकांत, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या, पण ताठ बसलेला.

दोन दिवसांनी सुलेखाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "उल्काताई, शनिवारी सकाळी आमच्या जाईला खो-खो शिकवाल? तिच्या मैत्रिणीही यायच्या म्हणतात."

"प्रतापना विचारलंस?"

"मी तुम्हाला विचारतेय," सुलेखा म्हणाली.

तर अशी उल्का पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा मैदानात उतरली. टॅम्पिनीसच्या एका ब्लॉकमागच्या हिरवळीवर तिने चुन्याऐवजी पांढऱ्या दोरीने मैदान आखलं. खांबांना जाड फोम गुंडाळला. मराठी मुली होत्या, दोन तमिळ होत्या, खालच्या मजल्यावरची एक मलय मुलगीही येऊ लागली. उल्काला पळता येत नव्हतं. ती मधोमध उभी राहून हातांनी आणि खांद्यांनी हुल कशी द्यायची ते दाखवायची. मुली भलतीकडे वळल्या की ती मोठ्याने हसायची. तिचा नियम एकच होता. दुखलं की बसायचं, आणि बसलेलीला कुणी काही बोलायचं नाही.

तिसऱ्या शनिवारी प्रताप बघायला आला. खुर्ची टाकून झाडाखाली बसला. जाई छान पळत होती. तिने दोघींना चकवलं आणि तिसरीला चकवताना ती मध्येच लंगडली.

"आंटी, माय अँकल पेन lah," ती घोट्याकडे बोट दाखवत ओरडली.

"काही होत नाही!" झाडाखालून प्रतापचा आवाज आला. "पळ, जाई, पळ! आता थांबू नकोस!"

जाई थांबली. तिने बापाकडे बघितलं, मग उल्काकडे. आणि तोंड वेडंवाकडं करून, बापाला दिसावं म्हणून, पुन्हा पळायचा पवित्रा घेतला.

उल्का मध्ये आली. आपल्या त्या पायाने जमेल तेवढ्या वेगाने आली आणि प्रताप व जाई यांच्या मधोमध, प्रतापकडे तोंड करून उभी राहिली.

"दोरीच्या आत मी सांगेन ते चालतं, प्रताप."

"वहिनी, साधी मुरगळ आहे. मी बाप आहे तिचा."

"तुम्ही बाप आहात. पाय तिचा आहे. ती बसणार."

"आणि मी तिला घरी घेऊन गेलो तर?"

"जा घेऊन. पण इथे असेल तर बसेल."

प्रताप खुर्चीतून अर्धा उठला होता. त्याला पुष्कळ काही बोलायचं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. उल्का हलली नाही. तिचा गुडघा दुखत होता, भर इतका वेळ एका जागी पडला की तो दुखतोच. पण ती हलली नाही.

मागे जाई हिरवळीवर बसली. बूट काढला, मोजा काढला, घोटा दोन्ही हातांत धरला.

प्रताप थोडा वेळ तसाच अर्धवट उभा राहिला. मग खाली बसला, आणि हाताची घडी घालून दुसरीकडे बघू लागला. घरी काही गेला नाही.

"चला," उल्का मुलींकडे वळून म्हणाली, "खो कुणाचा होता?"