नाना फिटरची ट्रायल

नाना गेल्याचं मला कळलं ते हळदीच्या सौद्यात, तेही पंधरा दिवस उशिरा. कराडकडचा एक अडत्या बोलता बोलता म्हणाला, "तुमचा तो मलकापूरचा फिटर गेला की आण्णा, बसल्या जागी..." त्यानंतर भाव काय पुकारला गेला, मला ऐकू आलं नाही. 'तुमचा' हा शब्द मात्र टोचला. सहा वर्षांपूर्वी नानांना आपलं म्हणायची वेळ आली होती, तेव्हा मी गप्प बसलो होतो. आज ते लिहितो आहे. उशीर झालाय, हे मलाही कळतं.

कराडला लागूनच मलकापूर, आणि तिथं हमरस्त्याच्या कडेला नानांची पत्र्याची शेड. फौजेत अठरा वर्षं ट्रकांखाली आडवे पडून काढल्यावर त्यांनी गावात येऊन तेच आरंभलं. पण हात घालायचा तो फक्त स्टिअरिंगला, स्प्रिंगच्या पाट्यांना आणि पुढच्या चाकांच्या जोडकामाला. इंजिनाचं काम आणलं की दुसऱ्याचा पत्ता सांगायचे. मी एकदा थट्टेनं विचारलं, तर म्हणाले, "इंजिन बंद पडलं तर गाडी हुबी ऱ्हाती, आण्णा. स्टेरिंग गेलं तर माणूस हुबा ऱ्हात न्हाई." सातारा ते सांगली या टापूत जुनी मोटार बाळगणारा प्रत्येक जण कधी ना कधी त्यांच्या दारात उभा राहिलेला असायचा. आमची वडिलार्जित काळी विलायती गाडीही तिथलीच गिऱ्हाईक. ती माझ्याहून वयानं थोडीच लहान, आणि पाटे बसल्यामुळे खड्डा आला की म्हशीसारखी मान टाकायची.

नानांची एक रीत होती, तिला लोक हसायचेही. स्टिअरिंगचं काम झालं की गाडी लगेच हातात मिळत नसे. नाना घरात हाक द्यायचे आणि त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना आक्का म्हणायचो, डोक्यावरून पदर घेऊन मागच्या सीटवर येऊन बसायच्या. मग नाना त्यांना घेऊन पाटणच्या रस्त्याला दहा-बारा मैल जाऊन यायचे. परत आल्यावर विचारायचे, "काय गं?" आक्का सांगायच्या, "डावीकडं वडतीय," नाहीतर, "बेस हाय." वडतीय म्हटलं की गाडी पुन्हा जॅकवर. "जिच्यात माझी बायकू बसत न्हाई ती गाडी मी दुसऱ्याला कशी दिऊ?" असं त्यांचं म्हणणं. मला त्यात आक्कांची हौस दिसायची. फिटरच्या बायकोला मोटारीत बसायला दुसरं निमित्त कुठून मिळणार, असं मी मनात म्हणायचो. किती शहाणा होतो मी!

त्र्याहत्तर साली नानांनी आमच्या गाडीची पुढची चाकं ज्यांवर वळतात ते किंगपिन आणि बुश नवे बसवले. आक्कांची ट्रायल झाली, "बेस हाय" झालं. गाडी घेऊन सांगलीला आलो, पण स्टिअरिंग जड लागत होतं. नानांनी आधीच बजावलं होतं, "नवं हाय, घट्टच आसणार. पाचशे मैल जाऊ द्या, आपसूक हलकं हुईल. मधी कुणाचा हात लागू दिऊ नगा." आमच्या काकांचीही तीच ताकीद होती. वडिलांच्या मागे पेढी तेच चालवत आणि तिशी गाठलेला मी त्यांच्यापुढे शाळकरी पोरच होतो. पण धीर नावाची वस्तू माझ्या अंगी नाही. चौथ्या दिवशी सांगलीतल्याच एका गॅरेजमध्ये गाडी नेली. तिथल्या माणसानं खाली शिरून टाय रॉडचा, म्हणजे दोन्ही चाकांना एकत्र वळवणाऱ्या दांड्याचा जोड खोलला, ग्रीस भरलं, नट आवळला. "लोण्यासारखं झालंय बघा," म्हणाला. नट फिरून निघू नये म्हणून त्यात आडवी घालायची तारेएवढी पिन असते. ती घालायची तो विसरला. मी समोरच्या हॉटेलात चहा पीत होतो.

पुढच्याच आठवड्यात काकांना घेऊन साताऱ्याला निघालो. पेठ नाक्याच्या पुढे हातातलं चाक एकदम पोकळ झालं... मी डावीकडे वळवतोय आणि गाडी उजवीकडे चाललीय. उसानं आम्हाला झेललं म्हणून वाचलो. काकांचा हात मात्र कोपरात मोडला आणि तो पुढे कधी सरळ झाला नाही.

निरोप मिळताच नाना एसटीनं आले. उसात झोपून त्यांनी लोंबणारा दांडा पाहिला, पिनच्या रिकाम्या भोकावरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, "आण्णा, मधी कुणी हात लावला व्हता काय?" हात गळ्यात बांधून काका शेजारीच उभे होते. मी म्हणालो, "नाही, नाना." ते माझ्याकडे पाहत राहिले. मग फडक्याला हात पुसून काकांना म्हणाले, "मग माझंच चुकलं, मालक. पिन घालायची ऱ्हायली आसंल."

काकांनी ते साऱ्या बाजाराला सांगितलं. वर्षभरात नानांच्या शेडसमोर मोटारी थांबेनाशा झाल्या. "बायको बसली होती की त्या गाडीत, तरी?" असंही लोक म्हणायचे. नाना पुढे ट्रॅक्टर-ट्रॉलींचे पाटे बदलून पोट भरू लागले. आक्का मात्र पुन्हा कुठल्याच गाडीत बसल्या नाहीत. मी येता-जाता थांबायचो, चहा प्यायचो. नाना त्या दिवसाचं चकार शब्दानं बोलले नाहीत. मला त्यांच्यासमोर लाज वाटायची, आणि थोडा रागही यायचा, की हा माणूस मला एकदा शिवी का देत नाही.

मागच्या आठवड्यात भेटायला गेलो. आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "आण्णा, तुमच्या काकांची माफी मागायची ऱ्हायलीय. त्या दिशी ट्रायलला माझा डोळा लागला व्हता. ऊन लय व्हतं. आन ह्यांनी इचारल्यावर मी बेस हाय म्हणून मोकळी झाले. माझ्यापायी त्यांचं नाव गेलं... मी त्यास्नी कवाच सांगितलं न्हाई."

सहा वर्षं ही बाई माझं ओझं वाहत होती. मग सगळं सांगितलं, गॅरेज, पिन, चहा, सगळं. आक्का रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मंजी माझ्याकडनं काय झालं न्हवतं." नंतर म्हणाल्या, "मला आता सांगून काय उपेग, आण्णा? काकांनी बाजारात सांगितलं व्हतं. तुमीबी बाजारात सांगा."

आक्का, हे बाजारात सांगणं. पिन नानांनी घातली होती. ती काढवली मी, आणि खोटं बोललो तोही मीच. काकांना अजून सांगितलेलं नाही. ते रविवारी सकाळी वाकड्या हातात चहाचा कप धरून आधी वर्तमानपत्राची ही पुरवणीच वाचतात. त्या वेळी मी त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसलेला असेन.