मास्तरांच्या घरची चार मतं

बेंबळीच्या टेलर मास्तरांच्या घरची चारही मतं आपलीच, असं मी सरपंचपदाला उभ्या असलेल्या चुलतभावाला परस्पर सांगून टाकलं. मास्तर कॅथलिक, म्हणजे फादर सांगतील तेच बटण दाबणार, आणि फादरांना दिवाळीचा फराळ मी नेऊन देतो, एवढीच माझी अक्कल.

मास्तर शिवताना ओठांत टाचण्या धरतात. काही विचारलं की एकेक टाचणी काढून ठेवतात, मगच बोलतात. भाऊ हात जोडून दुकानात आला, तेव्हाही त्यांनी तेच केलं. दुकान भावाच्याच जागेत होतं, तरीही.

“फादर कुणाचं नाव सांगत न्हाईत,” मास्तर म्हणाले. “गोरगरिबाचं काय हुईल ते बघून ज्याचं त्यानं ठरवा, म्हणतात. दादा, तुमच्या हातभट्टीनं वस्तीतली लई घरं बसली. माझं मत न्हाय तुमाला. घरच्यांचं त्यांना इचारा.”

“महिन्यात जागा रिकामी करा,” म्हणून भाऊ निघून गेला.

“अहो, तोंडावर हो म्हणायचं, आत जाऊन काय ते करायचं!” मी कळवळून म्हणालो.

“खोटं बोललो तर फादरपुढं गुडघं टेकून सांगावं लागतंय मला,” मास्तर म्हणाले. “तुमचं बरंय. तुमाला कुणी इचारतच न्हाय.”