पंगत थांबवणारी म्हातारी

विमान कंपनीने बिझनेस क्लासच्या नावाखाली मला फसवले. मी गोव्यातल्या सर्वण गावचा, ट्रकवरच्या क्लीनरपासून ट्रकमालक झालेला माणूस. दिल्या पैशाचा माल वाजवून घेतो. मोपा विमानतळावरून दिल्लीला जाताना पुढ्यात आला गार पुलाव आणि दगडासारखा पाव. मी ओरडलो. हवाई सुंदरी गोड हसून पुढे गेली.

शेजारी पेडण्याची एक म्हातारी होती, केसांत अबोलीचा वळेसर. तिने पाव बोटाने दाबून पाहिला, ताट सारले आणि हात मांडीवर ठेवून ताठ बसली. आमच्याकडे पंगतीत वडीलधाऱ्याने असा हात आवरला की कोणी घास घेत नाही. मीही आवरला. मागचे गोंयकारही थांबले.

"आजी, काय झालं?" हवाई सुंदरी घाबरली.

"यजमानाक हाड गो बाये. तो आधी खातलो, मगे आमी."

तिने यजमान म्हणून कर्मचाऱ्यांच्या प्रमुखाला आणले. त्याने सगळ्यांदेखत घास घेतला आणि तो गिळताना त्याचे डोळे पांढरे झाले. आम्ही सगळे खदखदून हसलो. थोड्याच वेळात तेच जेवण वाफाळत परत आले. म्हातारी शांतपणे जेवली.

म्हणजे गरम करता येत होते! मग आम्हाला गार का वाढले? कंपनीच्या मालकाने उत्तर द्यावे, आणि तेही त्या म्हातारीच्या पंगतीला बसून.