कपात फक्त चार

कंपनीत तिला सगळे मोजणीताई म्हणत. व्हिडिओ गेम बनवणारी कंपनी, साठेक माणसं, त्यांत वयानं हीच थोरली. आधी बारा वर्षं गोदामात काढलेली. तिथली खोड इथंही आली : खोका उघडल्याशिवाय आकडा लिहायचा नाही.

गेममध्ये कैदी सोडवायचे. चाळीस सुटले की किल्ल्याचं दार उघडतं. पण चाळीस सोडवले तरी पडद्यावर चारच दिसत. ताईनं लगेच ओळखलं. कैद्यांच्या यादीत चार टोळ्या, आणि प्रत्येक टोळी म्हणजे आत आणखी एक यादी. संगणक वरवर मोजून मोकळा होत होता.

"पोती मोजलीस, दाणे राहिले," ती साहेबाला म्हणाली. साहेब वयानं तिच्या भाच्याएवढा, तिच्याच शेजारी बसून शिकलेला.

"दहानं गुणा की, ताई. टोळीत दहाच असतात."

"एखादा मेला तर?"

"तुम्ही गोदामातून आलात, पण गोदाम काही तुमच्यातून जाईना."

तिनं दीड दिवस खपून प्रत्येक यादीच्या आत शिरणारी मोजणी लिहिली. साहेबानं ती वरिष्ठांना स्वतःची म्हणून दाखवली. ताईनं तोंडात मिठाची गुळणी धरली. सहा वर्षं ती कंत्राटावर होती, आणि 'पुढच्या वर्षी कायम' हे गाजर साहेबाच्याच हातात होतं.

मग कपातीची कुजबुज सुरू झाली. साहेब खुर्ची ओढून बसला. "चारच आहेत. वर कळवलंय, सहीही झालीय. तुम्ही निर्धास्त राहा. यादी तेवढी नीट छापून द्या."

साहेब किराणाही गेमसारखाच यादीत यादी घालून लिहील, असला माणूस. ताईनं यादी उघडली. तीन कायम नोकरांची नावं. चौथ्या जागी नाव नव्हतंच, दुसरी यादी होती : कंत्राटी. आत अकरा जण. सातवी ती.

"आकडा कसा काढलास?"

"संगणकानं काढला."

"माझ्या मोजणीनं?"

"एवढ्याशा यादीला ती कशाला? साधीच लावली."

"चौदा आहेत. त्यात मी आहे."

साहेब वाकला. ओठ हलवत त्यानं बोटानं मोजलं, पुन्हा मोजलं.

"वर चार सांगून बसलोय, ताई."

"मग आतली दहा नावं यादीतून खोड."

"सही यादीवर झालीय. आकड्यावर नाही."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर कागद लागला : कपात फक्त चार. खाली दाराशी माणसं आपापले डबे, चपला, चार्जर पिशव्यांत भरून उभी होती. ताईनं सवयीनं मोजली. स्वतःला धरून चौदा.