दुसऱ्या ब्राउझरमधली मावशी

माझी जाऊ मला आवडत नाही असं नाही. पण त्या दिवशी ती अंगणात मेथी निवडत बसली होती आणि सहज म्हणाली, "ताई, पाह्यलं का? पोरीनं केस कापले. लय गोड दिसून राह्यली."

पोरगी माझी. नऊ महिने पोटात मी वागवली, पुण्याला नोकरी लागली तेव्हा केनवडच्या स्टॉपवर एसटीत मी बसवून दिली, आणि तिनं केस कापल्याचं मला जावेनं सांगायचं!

"पाह्यलं ना," मी म्हणाले. साफ खोटं. माझ्या फोनला बटणं आहेत, त्यावर फोटो कुठला दिसायला? जावेच्या मोबाइलमध्ये कुठलंसं नवं अ‍ॅप होतं आणि त्यात माझी पोरगी रोज काकूला भेटत होती. मला रविवारी फोन यायचा. "हो आई. जेवले आई. ठीक आहे आई." तेही बातम्या वाचल्यासारख्या शुद्ध भाषेत.

त्या दुपारी तिचा कॉलेजातला जुना लॅपटॉप मी कपाटातून काढला. आधी त्यानं मला सांगितलं, तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, तो बदला. हे मला जरा लागलंच. बदलला. जावेला तिच्या अ‍ॅपचं नाव विचारायला कमीपणा वाटला, म्हणून ऐकून होते ते एक उघडलं. त्यानं विचारलं, तुम्हाला काय आवडतं, किमान पाच गोष्टी निवडा. मला पाच गोष्टी आवडतात का, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी स्वयंपाक, शेती, देवधर्म निवडलं आणि उरलेल्या दोन जागी डोळे मिटून बोट ठेवलं. पुढे कितीतरी दिवस मला कुस्त्या दिसत होत्या.

पोरीला मैत्रीची विनंती पाठवली. तिनं ती तीन दिवसांनी स्वीकारली. आत गेले तर गेल्या दिवाळीचा एक फोटो, बाकी सारं सामसूम. जावेला आडून विचारलं तर ती हसली. "ते आता जुनं झालं ताई. पोरं तिथं नाई राह्यत."

मग मी जिथं पोरं राहतात तिथं गेले. ती तिथूनही पुढे गेलेली. दोन महिन्यांत चार अ‍ॅप झाली, तीन ब्राउझर झाले. यजमान म्हणाले, "कायले डोळे फोडून राह्यली?" मी म्हटलं, कापसाचे भाव पाहते.

चौथ्या ठिकाणी ती सापडली. पुण्यातल्या विदर्भवाल्यांचा एक गट होता, त्यात तिनं विचारलं होतं: "आंबिलीत ताक कधी टाकतात? माह्या गुठळ्या होऊन राह्यल्या." अकरा बायांनी उत्तरं दिली होती आणि अकराही चुकल्या होत्या. एकीनं तर रवा घालायला सांगितला. माझ्या अंगाची लाही झाली. महालक्ष्म्यांची आंबील मी दरवर्षी तिच्या डोळ्यांदेखत करते, आणि ही गावभर विचारत फिरते!

माझ्या नावानं उत्तर दिलं असतं, तर मी मागावर आहे हे तिला कळलं असतं. एका ब्राउझरमध्ये एका वेळी एकच नाव चालू राहतं एवढं मी शिकले होते. म्हणून मी दुसरा ब्राउझर उघडला आणि त्यात एक बाई तयार केली. फोटो झेंडूचा, राहणार अकोला. तिला मी एक शिवणक्लासही काढून दिला. मग तिच्याकडून लिहिलं: पीठ आधी थंड ताकात कालव, मंग उकळत्या पाण्यात सोड, हात थांबवू नको.

संध्याकाळी उत्तर आलं. "मावशी, जमली! तुमच्या पाया पडते."

मावशी. मी हरखले. दोनच दिवस हरखले. कारण पोरगी मावशीला गटाबाहेर, एकटीला सगळं सांगायला लागली, तेही आपल्या बोलीत. खोलीतली मैत्रीण सोडून गेली ते सांगितलं. साहेब टाकून बोलतो ते सांगितलं. चार दिवस तापानं पडून होती ते सांगितलं आणि खाली लिहिलं, "आईले नाई सांगतलं." मी लगेच पहिल्या ब्राउझरमध्ये जाऊन माझ्या नावानं विचारलं, बरी आहेस ना? "हो आई."

इकडे दोन शब्द, तिकडे दहा ओळी. जावेचा हेवा केव्हाच विसरले. आता या अकोलेवालीचा वाटू लागला. कोण ही? हिनं काय केलं माझ्या पोरीसाठी? एकदा मी मावशीकडून तुसडेपणानं लिहिलं, "तुही आई गावाले गेली का? तिले इचारत जाय."

ती म्हणाली, "आई पह्यले रागावते, मंग सांगते. तुमी नुसतं सांगता."

मी रागावते? असा संताप आला की त्या दुपारी भाजी करपली आणि यजमानांनी उगाच बोलणी खाल्ली.

मग भुलाबाईचे दिवस आले. आमच्याकडे गाणी झाली की पोरी खिरापतीचा बंद डबा कानाशी धरून हलवतात आणि आत काय आहे ते ओळखतात. पोरगी मावशीला म्हणाली, पुण्यात कोणी खेळत नाही. मला राहवलं नाही. लाह्या आणि गूळ घालून डबा भरला, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर धरला, फोटो पाठवला. ओळख.

एरवी ती पटकन लिहायची. त्या दिवशी काहीच येईना. मी फोटो मोठा करून पाहिला. आमच्याकडे आंदणातलं भांडं नाव टाकल्याशिवाय दिलं जात नाही. डब्यावर माझ्या मामांचं नाव, गाव आणि 'सप्रेम भेट' ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं. त्याच ठिपक्यांवरून बोट फिरवत पोरगी अक्षरं शिकली होती.

शेवटी आलं. "डब्बा ओळखला."

थोड्या वेळानं, "आता रागावू नको."

मी रागावलेच नव्हते. रडत होते. पदरानं डोळे पुसते, तेवढ्यात पुन्हा आलं. "मावशी, तुमी जाऊ नका. आईसंग मले एवढं बोलता नाई येत."

'तू' वरून ती परत 'तुमी' वर गेली होती. मग "हाव, नाई जात" लिहिलं. लगेच तिनं दाढ दुखते म्हणून लिहिलं. लवंग धर म्हणून मी सांगितलं. नुसतं सांगितलं.

जावेचा हेवा वाटला की निदान तिच्याशी चार दिवस अबोला तरी धरता येतो. या बाईचा हेवा जिवंत जाळतो, पण तिच्याशी अबोला धरायची सोय नाही. ती गप्प झाली, तर माझी पोरगी कशी आहे हे मला कोण सांगणार?